रापणीचा वाटा

"काका, राग मानू नका, पण सही लागेल," असं म्हणत नगरपंचायतीच्या शिपायाने, दामूने, माझ्यापुढे वही सरकवली. लिफाफा त्याने टेबलावर पालथा ठेवला होता. सुलटा ठेवला असता तर मला जास्त लागलं असतं, असं त्याला वाटलं असावं.

मी सही केली आणि लिफाफा फोडला.

'विषय : वाचनालयात कचरा प्रदर्शित केल्याबाबत खुलासा. उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, नगरपंचायतीच्या मालकीच्या जागेत, नवीन पुस्तके ठेवण्याच्या काचेच्या कपाटात, आपण कचरा मांडून ठेवल्याचे निदर्शनास आले आहे. सदर कृत्यामुळे शहराची बदनामी होत आहे. तरी सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा. अन्यथा वाचनालयास दिलेल्या जागेबाबत उचित निर्णय घेण्यात येईल.'

"काय लिहिलंय?" दामूने विचारलं.

"खुलासा मागितलाय."

"मग द्या की. तुमच्यासारख्याला लिहायला काय लागतं?"

त्याला काय सांगणार? जन्म पुस्तकांत गेलेल्या माणसाला लिहिणं सगळ्यात जड जातं. त्या संध्याकाळी मी खुलाशाचा एक मसुदा केला. तो फार नम्र झाला. दुसरा केला, त्यात मुद्द्यापेक्षा पार्श्वभूमीच मोठी झाली. तिसऱ्यात 'कृपया' हा शब्द इतक्या वेळा आला की मला स्वतःचीच लाज वाटली आणि मी तो फाडला. सात दिवस गेले, मुदत उलटली. पत्र टेबलावर पेपरवेटखाली तसंच राहिलं.

ही गोष्ट नऊ-दहा वर्षांपूर्वीची. आमचं वाचनालय तेव्हा नगरपंचायतीच्या जुन्या इमारतीत, तळमजल्यावर होतं. आता ते माझ्या पडवीत आहे. मी तिथला ग्रंथपाल. निवृत्त होऊनही दुसरं कुणी मिळेना, म्हणून मीच.

कपाटात कचरा कसा आला, ते सांगतो.

त्या हिवाळ्यात आमच्या शेवऱ्यात पहिला सागर महोत्सव झाला. कल्पना नगराध्यक्ष नंदन शिरसाट यांची. किनाऱ्यावरचं सगळ्यात मोठं रिसॉर्टही त्यांचंच. गाण्यांचे कार्यक्रम, खाण्याचे स्टॉल, फटाके, आणि मुंबई-पुण्याच्या गाड्यांची मंदिरापर्यंत रांग. महोत्सव संपला तेव्हा पुळणीवर वाळू शोधावी लागत होती. कागदी ताटल्या, पेले, पाण्याच्या बाटल्या, चमचे, शहाळी, त्यांत खुपसलेल्या नळ्या. मी सकाळी फिरायला जातो, त्या दिवशी अर्ध्या वाटेवरून परत आलो. पाय कुठे ठेवावा हेच कळेना.

आणि लगेच दोन दिवसांनी पाहणी समिती यायची होती. स्वच्छ किनाऱ्याच्या एका मोठ्या पुरस्कारासाठी शेवऱ्याचा अर्ज गेला होता. अर्जाबरोबर टेकडीवरच्या कचरा वर्गीकरण केंद्राचा फोटो होता. केंद्र म्हणजे पत्र्याची शेड, रंगीत पाटी आणि प्लास्टिक दाबून गठ्ठे करणारं एक यंत्र. उद्घाटनाला त्या यंत्राला हार घातला होता. ज्या प्लास्टिकच्या वेष्टनात ते आलं, ते वेष्टन मात्र कुणी काढलं नव्हतं. गावात ओल्या कचऱ्याला हिरवे आणि सुक्याला निळे डबे होते. ते दोन्ही एकाच ट्रॅक्टरात रिकामे होत.

पाहणीच्या आदल्या दिवशी दुपारी वाचनालयाच्या खिडकीतून मला तो ट्रॅक्टर दिसला. गच्च भरलेला होता. टेकडीचा रस्ता सोडून तो धक्क्याकडे वळला. थोड्या वेळाने रिकामा परत आला. पुन्हा भरून गेला, पुन्हा रिकामा आला. धक्क्याला रेतीचा पडाव, म्हणजे माल वाहणारी मोठी होडी, लागलेला होता.

"दामू," मी विचारलं, "ट्रॅक्टर धक्क्याकडे कसा रे?"

"काका, तुम्ही पुस्तकं वाचा," दामू म्हणाला.

मी वाचायला बसलो. पडावातून दुसरीकडच्या एखाद्या कारखान्यात नेत असतील, अशी मनाची समजूतही घातली. अर्धवट माहितीवरून कुणाबद्दल वाईट बोलू नये, असं मला नेहमी वाटतं. अशा वाटण्याचा फायदा नेमका कुणाला होतो, याचा विचार मी तोवर केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुळण आरशासारखी होती. समितीत तिघं होते. प्रमुख होत्या पुण्याच्या जोगळेकर मॅडम, साठीच्या, डोक्यावर कापडी टोपी, फार कमी बोलणाऱ्या. त्यांच्यासाठी शिरसाटांनी रापण लावायला सांगितली होती.

रापण आमच्याकडे आजही ओढतात. होडी जाळं घेऊन समुद्रात अर्धगोल फिरते, जाळं सोडत किनाऱ्याला परत येते, आणि मग दोन्ही टोकांच्या दोऱ्या धरून माणसं जाळं वाळूवर ओढतात. रापणीचा एक जुना नेम आहे. दोरीला ज्याचा हात लागला, तो वाटेकरी. मग तो गावचा असो, वाटसरू असो, की सुट्टीला आलेलं पोर. जे मिळेल त्याचे वाटे पडतात आणि आपला वाटा कुणी नाकारायचा नाही.

रापणीचा म्होरक्या बाबल गिरप. त्याला शिरसाटांनी स्पष्ट सांगून ठेवलं होतं : समिती खूश झाली तर उत्तरेकडची पुळण रापणीला राहील, नाही तर तिथे पाण्यातल्या स्कूटरी आणि स्टॉल येतील. बाबलच्या लोकांना जाळं ओढायला दुसरी जागा नव्हती. बाकी सगळा किनारा कातळाचा.

मी सुरूच्या झाडांखाली छत्री टेकून उभा होतो. जाळं खांद्यांवर टाकून माणसं माझ्या पुढ्यातूनच होडीकडे निघाली आणि जाळ्याचा पदर माझ्या छत्रीच्या काडीत अडकला. अख्खी रांग थांबली.

"माफ करा, माफ करा," म्हणत मी तो सोडवायला लागलो. जितका सोडवावा तितका आणखी गुंतत होता. दोन्ही हातांत जाळं धरून मी घामाघूम झालो.

"काकानु, तुमी पयलोच मासो गावलास!" बाबलची बायको भामा हसत म्हणाली आणि तिने एका झटक्यात ते मोकळं केलं.

होडी गेली, फिरून आली. दोऱ्या ताणल्या. शिरसाट पांढऱ्या कपड्यांत पुढे झाले. "मॅडम, हात लावा ना. फोटो सुंदर येतो!"

मॅडमनी हात लावला. समितीतल्या दोघांनी लावला. मध्यभागी शिरसाट, मागे त्यांचे चार नगरसेवक.

"हात लावलास म्हणजे वाटेकरी झालास हां, सायबानु!" बाबल ओरडला.

"घेणार की!" शिरसाट म्हणाले. "सुरमई निघाली तर दोन वाटे घेणार!"

सगळे हसले. मी सत्तर वर्षं त्याच गावात काढली होती, पण दोरीला कधी हात लावला नव्हता. ओढणार थोडं आणि वाटा घेणार पुरा, हे माझ्याच्याने झालं नसतं. भामाने माझ्याकडे बघितलं. "काकानु, पुस्तका चाळून चाळून हात मऊ ठेवलास. आज तरी दोरी धरा!"

एवढ्या लोकांसमोर नाही म्हणण्यापेक्षा धरणं सोपं होतं. मी धरली.

जाळं जड लागत होतं. पोरं चेकाळली. "बांगड्यांचो थवो असा रे!" बाबलचा चेहरा उजळला होता. मग हळूहळू तो विझत गेला. पाणी चमकत नव्हतं. भामा वर बघत होती. "पाखरां वरसूनच फिरतत," ती पुटपुटली. "एकव खाली येना नाय."

जाळ्याची पिशवीसारखी खोळ वाळूवर आली आणि बाबलने ती उघडली.

ताटल्या निघाल्या. पेले निघाले. बाटल्या, चमचे, नळ्या, फुगलेल्या पिशव्या, पिशव्यांत शिजलेला भात. त्या लगद्यात चार-सहा मेलेले बांगडे आणि पेल्यात नांग्या अडकलेली एक कुर्ली, ती मात्र जिवंत. प्रत्येक पेल्यावर 'शेवरे सागर महोत्सव' असं छापलेलं होतं आणि खाली हात जोडलेले शिरसाट. 'आपले स्वागत आहे.'

 फोटोवाल्याचा कॅमेरा तेवढा वाजत होता. शिरसाटांनी त्याला हाताने गप्प केलं.

"हा खोडसाळपणा आहे!" ते म्हणाले. "बाबल, हे तुम्ही जाळ्यात भरून आणलंत. गावाची अब्रू घालवायला!"

 बाबल खाली वाकला, वाळूवर हाताने जागा साफ केली आणि भामाला म्हणाला, "वाटे घाल."

भामा क्षणभर थबकली. मग तिने पदर खोचला आणि मासे वाटते तशी वाटू लागली. इथे एक ढीग, तिथे एक ढीग, कमी वाटला त्यावर आणखी दोन बाटल्या. "ह्यो होडयेचो. ह्यो जाळ्याचो. ह्यो शिवरामाचो. ह्यो नंदनशेटींचो. नंदनशेट, तुमका दोन व्हये होते मां? घेवा, दोन घातलंय."

"काय चाललंय हे?"

"रापणीत जा गावता ता वाटूचा," बाबल म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "मासळी गावली तर मासळी. ह्या गावला तर ह्या. वाटो टाकून जावचो नाय. आमच्या आजा-पणज्यानी टाकूक नाय."

"तुला कळतंय का तू काय करतोयस? उत्तरेची पुळण..."

"कळता. हात लावच्या आदी सांगलंय तुमका. तुमी हसलास."

समितीतले दोघे आपल्या बुटांकडे बघत होते. जोगळेकर मॅडम पुढे आल्या. "माझा कुठला?" त्यांनी विचारलं. भामाने दाखवला. मॅडमनी डोक्यावरची टोपी काढली, त्यात मावेल तेवढं भरलं, उरलेलं ओंजळीत घेतलं आणि आपल्या गाडीकडे चालू लागल्या. पांढऱ्या साडीवर काळं पाणी ओघळत होतं.

शिरसाट त्यांच्या मागे धावले. त्यांचे दोन्ही वाटे तिथेच राहिले. नगरसेवकांचेही. ते सगळे बाबलने मग आपल्या अंगणात नेऊन ठेवले.

माझा वाटा मी उलट्या छत्रीत भरला आणि घरी आणला.

विहिरीवर एकेक वस्तू धुतली, दोरीवर वाळत घातली. ताटलीवर स्टॉलचं नाव होतं, बाटलीवर नगरपंचायतीचं, पिशवीवर शिरसाटांच्या रिसॉर्टचं. वाचल्याशिवाय मला काही ठेवता येत नाही. मी सगळं वाचलं आणि वाचता वाचता मला राग यायला लागला.  लोकांच्या जेवणाच्या पाण्यात आपला उकिरडा ओतायचा, वर त्याच पाण्यातून ज्यांचं पोट भरतं त्यांच्याच डोक्यावर खापर फोडायचं! आणि हे सगळं कशासाठी? स्वच्छतेच्या बक्षिसासाठी!

मला भाषण करता येत नाही. मोर्चा काढता येत नाही. मला मांडणी करता येते. दुसऱ्या दिवशी मी कपाटातली नवीन पुस्तकं काढून टेबलावर ठेवली आणि त्या जागी माझा वाटा ओळीने मांडला. प्रत्येकापुढे पुस्तकांना लावतो तसं कार्ड : 'पेला, कागदी. प्रकाशक : महोत्सव समिती. समुद्रातून परत.'

ज्यांनी जन्मात वाचनालयाची पायरी चढली नव्हती, ते लोक येऊन काचेला नाक लावून कार्डं वाचायला लागले. चौथ्या दिवशी दामू ते पत्र घेऊन आला.

मुदत उलटल्यावर शिरसाट स्वतः आले. एकटेच. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले.

"गणपुलेकाका, तुम्ही आम्हाला वडिलांसारखे. पत्राचं मनावर घेऊ नका, ऑफिसची भाषा ती. पण त्या मॅडमनी पुण्याहून लिहिलंय. कचरा कुठून आला ते कळवा म्हणतात. सोमवारी सभा आहे. तुम्ही दोन ओळी लिहून द्या."

"काय लिहू?"

"खरं तेच. रापणवाल्यांनी जाळ्यात आधीच कचरा भरला होता आणि तुम्ही भोळेपणाने त्यांच्या नाटकात सापडलात. बस. वरच्या मजल्यावरचा हॉल वाचनालयाला देऊ. नाही तर ही खोली पर्यटन माहिती केंद्राला मागताहेत, मी किती दिवस थोपवणार?"

"मी त्यांना भरताना पाहिलं नाही."

"भरलं नाही, हे तरी पाहिलंत का?"

 त्यांनी नेमकं तेवढंच ताडलं होतं. मला माझ्या डोळ्यांची कधीच खात्री नसते.

"मी... ट्रॅक्टर पाहिला," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू येईना.

"ट्रॅक्टर सगळ्या गावाने पाहिला, काका," ते उठत म्हणाले. "लिहून कोण देतंय?"

ते गेल्यावर मी कितीतरी वेळ कपाटांकडे बघत बसलो. चार हजारांवर पुस्तकं. निम्म्यांना मी स्वतः पुठ्ठा बांधलेला. जागा गेली तर ही जाणार कुठे? आणि मी लिहून दिलं तर बाबलची पन्नास माणसं जाणार कुठे? न लिहिणं हा तिसरा मार्ग मला दिसत होता. पण मी काहीच लिहिलं नाही, तर सोमवारच्या सभेत शिरसाट जे बोलतील तेच खरं ठरणार होतं.

शनिवारी सकाळी भामा आली. डोक्यावरची पाटी तिने पायरीवर ठेवली आणि उंबऱ्यातच बसली.

"आत ये ना."

"नको. मासळीचो वास लागात पुस्तकांक." तिने मान वाकडी करून कपाट बघून घेतलं. "बाबलान धाडल्यान माका. म्हणता, काकांक सांग, काय एक लिवू नकात. पुस्तका जातली. आमी आमचा बघून घेव."

"तो असं म्हणाला?"

"तो म्हणता. मी नाय म्हणूचंय." ती माझ्याकडे वळली. "काकानु, तुमी लिवणास कित्याक नाय?"

मी तिला शिरसाटांचा प्रश्न सांगितला. जाळं रिकामं होतं, हे मी छातीठोकपणे कसं सांगू? मी कुठे जवळ होतो?

 भामाने कपाळावर हात मारला.

"अवो, जाळा कोणाच्या छत्रयेक अडाकला? माज्या? अख्खा जाळा तुमी दोनय हातांत धरून उबे होतास! पदर उलटोसुलटो केलास, सगळी रांग खोळांबली! तेच्यात्सून एक तरी बाटली पडली काय तुमच्या पायार?"

"नाही," मी म्हणालो.

"मगे? आजून कसा बघतत?"

त्या सकाळी मी स्वतःचा वेंधळेपणा तेवढा लक्षात ठेवला होता. हातांतलं जाळं मी पाहिलंच नव्हतं, असं धरून चाललो होतो. आता आठवलं. उन्हात वाळलेलं, हलकं, पलीकडचा समुद्र दिसेल इतकं मोकळं जाळं. ते होडीत चढेपर्यंत मी बघत उभा होतो, पुन्हा कुठे अडकू नये म्हणून.

"जातंय," भामा उठली. "मासळी खराब होतली. बाबलाक सांगतंय, काका म्हणाले बघतंय."

"बघतंय नको सांगू," मी म्हणालो. "सांग, लिहितो."

या वेळी मसुदा केला नाही. सरळ लेटरहेडवर लिहिलं :

'कपाटातील वस्तू माझ्या आहेत. रापणीच्या नेमाप्रमाणे तो माझा वाटा आहे. जाळे होडीत चढण्यापूर्वी मी ते दोन्ही हातांत धरले होते व ते रिकामे होते. आदल्या दुपारी आपला ट्रॅक्टर कचरा भरून धक्क्याकडे जाताना व रिकामा परत येताना मी वाचनालयाच्या खिडकीतून एकाहून अधिक वेळा पाहिला. टेकडीवरील यंत्र अद्याप वेष्टनात आहे, ते काढून यंत्र सुरू करावे. नगराध्यक्षांचे दोन व नगरसेवकांचे चार वाटे त्यांनी अद्याप नेलेले नाहीत. ते गिरप यांच्या अंगणात आहेत. सभेपूर्वी घेऊन जावेत.'

खाली सही. त्याखाली : 'प्रत, श्रीमती जोगळेकर, पाहणी समिती, पुणे.' पुन्हा वाचून पाहिलं. 'कृपया' कुठे नव्हतं. घालावं का, असा विचार मनात आला, तेव्हा घाईने दोन्ही लिफाफे चिकटवले.

पोस्ट बंद व्हायच्या बेतात होतं. पोस्टमास्तर मेस्त्रीबाईंनी पुण्याचं पाकीट वजनकाट्यावर ठेवलं, बाजूला केलं. दुसऱ्यावरचा पत्ता वाचून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"काका, हे नगरपंचायतीचं? अहो, समोर तर ऑफिस आहे. रस्ता ओलांडा आणि हातात द्या."

"नको. रजिस्टर करा. पोचपावतीसहित."

"उगाच पैसे कशाला घालवता? दामूला हाक मारू का? तो इथेच चहाला आलाय."

"बाई," मी म्हणालो, "हातात द्यायला गेलो, तर मी ते परत घेऊन येईन. मला माहीत आहे."

 ते पाकीट त्यांनी आपल्या बाजूला ओढून घेतलं, माझा हात पोचणार नाही इतकं आत, आणि त्यावर शिक्का मारला.